लॉगिनवर अडकलेला पीसी: फॉरमॅट मारण्याआधी काय काय तपासलं

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका चालते. भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी तिथे बसतात आणि सगळ्यांत मिळून पीसी एकच. चौथ्या पिढीचा आय-3, 4 जीबी रॅम, 120 जीबीची एसएसडी, वर लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती. तीन वर्षांत जमवलेल्या प्रश्नपत्रिका, स्कॅन केलेल्या नोट्स, मराठी टायपिंगचा सराव, सगळं त्याच मशीनवर. बॅकअप कुठेही नव्हता. अभ्यासिका सांभाळणाऱ्या ताईंचा फोन आला: "पासवर्ड टाकला का स्क्रीन काळी होते न् वापस तिथंच येते. मशीन अटकून रायली, भाऊ." तालुक्याला सीपीयू दाखवला तर फॉरमॅट मारा असं सांगितलं होतं. या तक्रारीत फॉरमॅटची गरज क्वचितच पडते, आणि फॉरमॅटने इथे त्या तीन वर्षांच्या नोट्स गेल्या असत्या. म्हणून तपासणीचा क्रम जसा झाला तसा इथे मांडतो.

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या. मोठं अक्षर जिथे लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

"लॉगिन होत नाही" या एका वाक्यात तीन वेगळे बिघाड लपलेले असतात, त्यामुळे फोनवरच आधी ते वेगळे करून घेतले. पहिला प्रकार: पासवर्ड चुकीचा असल्याचा मेसेज येतो. विदर्भातल्या शाळा-अभ्यासिकांत याचं नेहमीचं कारण म्हणजे कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिलेला असतो. पासवर्डच्या जागी ठिपकेच दिसतात, त्यामुळे आत देवनागरी अक्षरं पडताहेत हे कळत नाही. लॉगिन स्क्रीनच्या वरच्या पट्टीत कीबोर्डची निशाणी असते, ती इंग्रजीवर आणली की काम झालं. दुसरा प्रकार: कोणताही मेसेज नाही, पडदा क्षणभर काळा होतो आणि लॉगिन स्क्रीन परत येते. म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, मशीनने तो मान्य केलाय, पण पुढचं सत्र, म्हणजे लॉगिननंतरचा डेस्कटॉप, उभं राहता राहता कोसळतंय. तिसरा: वॉलपेपर येतो, माउसचा बाण हलतो, पण खालची पट्टी, मेन्यू, आयकॉन काहीच येत नाही. इथे सत्र सुरू झालंय आणि डेस्कटॉपचे भाग अडकलेत.

ताईंचं मशीन दुसऱ्या प्रकारात होतं. पुढे दुरुस्ती चालू असताना तिसराही प्रकार त्याच मशीनवर निघाला. एकाखाली एक दोन-तीन बिघाड दडलेले असणं या तक्रारीत नेहमीचं आहे. पहिला काढला आणि फरक पडला नाही म्हणून तो उपाय चुकीचा होता असं धरून चालू नये.

पडदा पूर्ण गोठलेला दिसत असेल तर कॅप्स लॉक दाबून बघायचं. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जिवंत आहे, फक्त चित्र अडकलंय. दिवाही हलत नसेल तर मशीन खरंच गोठलंय. तेव्हासुद्धा पॉवरचं बटण दाबून धरण्याआधी ऑल्ट आणि सिसआरक्यू, म्हणजे प्रिंट स्क्रीनची कळ, दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरं दोन-तीन सेकंदांच्या अंतराने दाबावीत. एस न लिहिलेला डेटा डिस्कवर उतरवतो, यू डिस्क फक्त वाचण्याच्या स्थितीत नेतो, बी रीस्टार्ट करतो. या युक्तीची सहा अक्षरी आवृत्ती (आर, ई, आय, एस, यू, बी) सगळीकडे सांगितली जाते, पण यातली कोणती कामं चालतील हे ठरवणारं मूल्य उबुंटू आणि मिंटमध्ये सुरक्षेसाठी 176 ठेवलेलं असतं. 16, 32 आणि 128 यांची ती बेरीज, म्हणजे एवढ्या तीनच कामांना परवानगी.

ताईंच्या मशीनचा दिवा लागत होता. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-3 एकत्र दाबलं. काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ आली. हा टेक्स्ट कन्सोल चित्राच्या सत्रावर अवलंबून नसतो, म्हणून डेस्कटॉप बंद असला तरी ही वाट बहुतेक वेळा उघडी असते. नाव टाकलं, पासवर्ड टाकला (टाइप करताना इथे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, ते तसंच असतं) आणि आत गेलो. परत लॉगिन स्क्रीनवर यायचं तर मिंटमध्ये एफ-7. उबुंटूच्या नोम आवृत्तीत लॉगिन स्क्रीन एफ-1 वर असते.

मशीनची भाषा मराठी ठेवलेली असली तर या कन्सोलवर मेसेजच्या जागी चौकोन दिसतात, कारण कन्सोलच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. ‘एक्सपोर्ट लँग=सी’ टाकायचं. लँग पूर्ण मोठ्या अक्षरांत, सीसुद्धा मोठा. तेवढ्या बैठकीपुरते मेसेज इंग्रजीत येतात. फोल्डरची मराठी नावं मात्र नीट दिसणार नाहीत, चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसतील. घाबरून ती बदलायला जाऊ नये, आतल्या फाइली शाबूत असतात.

पहिला धागा कमांड देण्याआधीच मिळाला. फोल्डरचं नाव अर्धवट टाकून टॅब दाबला तर बॅशने, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रामने, तक्रार केली की तात्पुरती फाइल बनवता येत नाही, डिव्हाइसवर जागा नाही. लगेच डिस्कवरची जागा दाखवणारी ‘डीएफ -एच’ टाकली. मुख्य पार्टिशनची ओळ अशी होती: एकूण 109 जी, वापरलेली 104 जी, उपलब्ध 0, वापर 100 टक्के.

इथे बरेच जण अडखळतात. 109 मधून 104 गेले तर 5 जीबी उरायला पाहिजेत, मग शून्य का? ईएक्सटी4 फाइलप्रणाली बनवताना 5 टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या मुख्य वापरकर्त्यासाठी, राखून ठेवली जाते. साध्या वापरकर्त्याच्या हिशेबात ती धरलीच जात नाही. म्हणून डिस्क भरली तरी सिस्टीमच्या रूट सेवा चालत राहतात, मशीन बूट होतं, लॉगिन स्क्रीन येते. पण पासवर्ड टाकल्यावर सत्र साध्या वापरकर्त्याच्या नावाने सुरू होतं. त्याला होम फोल्डरमध्ये ‘.एक्सऑथॉरिटी’ ही चावीची छोटी फाइल लिहावी लागते, आणखी पाच-पन्नास फाइलींना हात लावावा लागतो. एकही अक्षर लिहायला जागा नाही, म्हणून सत्र पडतं आणि लॉगिन स्क्रीन परत येते.

‘डीएफ -एच’ ठीक दिसलं तरी ‘डीएफ -आय’ एकदा टाकून बघावं. जागा शिल्लक असून आयनोड (प्रत्येक फाइलीची नोंद ठेवणारे खण) संपलेले असतील तर लक्षण हुबेहूब हेच असतं.

जागा कुणी खाल्ली हे शोधायला ‘सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 / | सॉर्ट -एच’. सुडोने कमांड रूटच्या अधिकाराने चालते. यातला एक्स महत्त्वाचा. त्यामुळे हिशेब त्याच पार्टिशनपुरता राहतो, लावलेला पेनड्राइव्ह मधे येत नाही. शेवटच्या ओळीत बेरीज, तिच्या वर सगळ्यांत मोठा फोल्डर: ‘/टाइमशिफ्ट’.

टाइमशिफ्ट हे मिंटचं चांगलं साधन आहे आणि सिस्टीम बिघडली तर मागे नेण्यासाठी ते असायलाच हवं. पण एकच डिस्क असलेल्या मशीनवर त्याचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या सिस्टीमच्या प्रती, त्याच पार्टिशनवर साठतात. या मशीनवर कुणीतरी सेटिंगमध्ये होम फोल्डरच्या सगळ्या फाइली घेण्याचा पर्याय निवडला होता, मुळात तो बंद असतो. त्यामुळे प्रश्नपत्रिका आणि व्हिडिओ यांची दुसरी प्रत स्नॅपशॉटमध्ये बसली. पहिल्या स्नॅपशॉटमध्ये पूर्ण प्रत पडते. पुढच्यांमध्ये न बदललेल्या फाइली हार्ड लिंकने (त्याच फाइलीला दुसरं नाव देऊन) आधीच्या स्नॅपशॉटशी जोडल्या जातात, म्हणून त्यांना वेगळी जागा लागत नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की होममधून व्हिडिओ डिलीट केला तरी स्नॅपशॉटमधली प्रत जागा धरून बसते. आणि सगळ्यांत जुना स्नॅपशॉट उडवला तरी फारशी जागा सुटत नाही, कारण त्याच फाइली पुढच्या स्नॅपशॉटनेही धरलेल्या असतात. दोन-तीन उडवल्यावर एकदम जागा मोकळी होते.

‘सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट’ ने यादी बघितली, मग ‘सुडो टाइमशिफ्ट --डिलीट --स्नॅपशॉट’ आणि पुढे यादीतलं नाव जसंच्या तसं. फोल्डर थेट आरएमने उडवायला जाऊ नये. एक स्लॅश इकडचा तिकडे झाला तर अख्खी सिस्टीम जाते. सगळ्यांत नवा स्नॅपशॉट ठेवला, बाकीचे काढले. मग ‘सुडो एपीटी क्लीन’ ने उतरवलेली पॅकेजेस काढली आणि ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=200एम’ ने लॉग छाटले. इथला एम मोठा. लॉगची मर्यादा मुळात पार्टिशनच्या 10 टक्के आणि जास्तीत जास्त 4 जीबी असते. 120 जीबीच्या डिस्कवर एवढी जागा लॉगला द्यायचं कारण नाही. होममधली ‘.एक्ससेशन-एरर्स’ ही फाइलही बघून घेतली. एखादा प्रोग्राम बिघडून तीच तक्रार सेकंदाला शंभरदा लिहायला लागला की ही एकटी फाइल डिस्क भरवू शकते. इथे ती लहान होती.

जागा 38 जीबी मोकळी झाली. ‘सुडो सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट लाइटडीएम’ देऊन लॉगिन स्क्रीन नव्याने उभी केली, पासवर्ड टाकला. परत तिथेच.

आता ‘/व्हार/लॉग/लाइटडीएम’ या फोल्डरातला लॉग उघडला. ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइल उघडता येत नाही, परवानगी नाकारली, असा अर्थ सांगणारी ओळ होती. ‘एलएस -एलए’ दिलं तर होममधल्या निम्म्याहून जास्त फाइलींसमोर मालकाच्या जागी रूट, गटाच्या जागी रूट. विचारल्यावर कळलं की डिस्क भरल्याचा मेसेज आला तेव्हा अभ्यासिकेतल्या एकाने व्हिडिओ पाहून रिकव्हरी मोडच्या रूट शेलमधून फाइली पेनड्राइव्हवर हलवल्या, आणि भीती वाटून परत आणून टाकल्या. हेतू चांगला होता आणि त्याने डेटा वाचवायचाच प्रयत्न केला. पण पेनड्राइव्हवर बहुधा फॅट32 किंवा एक्सफॅट असतं आणि त्यात लिनक्सची मालकी साठवलीच जात नाही. शिवाय रूटने कॉपी केलेली फाइल रूटचीच होते. वापरकर्ता आपल्याच घरात परका झाला होता.

उपाय एका ओळीचा, मालकी बदलणारा: ‘सुडो सीएचओन -आर नाव:नाव /होम/नाव’. आर मोठा, आणि नावाच्या जागी तो वापरकर्ता. शेवटचा पत्ता दोनदा वाचूनच एंटर दाबायचं. याऐवजी सर्वत्र सीएचमॉड 777, म्हणजे प्रत्येकाला सगळी परवानगी, चालवायचा सल्ला दिला जातो, तो मानू नये. होममध्ये त्याने गोपनीयता जाते, आणि चुकून मुळापासून चालला तर सुडोसकट निम्मी सिस्टीम काम करणं थांबवते.

त्याच वेळी ‘एलएस -एलडी /टीएमपी’ ने तात्पुरत्या फोल्डरची परवानगी बघितली. ओळीच्या पहिल्या भागात शेवटी टी हे अक्षर पाहिजे. नसेल तर ‘सुडो सीएचमॉड 1777 /टीएमपी’. याच्या बिघाडानेही लॉगिन असंच फिरून येतं. इथे ते ठीक होतं.

पुन्हा लॉगिन. या वेळी वॉलपेपर आला, बाण हलला, आणि पुढे काहीच नाही. ताईंचा चेहरा पडला. पण हे पुढे सरकल्याचं लक्षण होतं, कारण आता सत्र टिकत होतं.

या टप्प्यावर दोष सिस्टीमचा की त्या एका वापरकर्त्याच्या सेटिंगचा हे ठरवणारी चाचणी सोपी आहे. कन्सोलवर ‘सुडो अ‍ॅडयूझर तपासणी’ असं करून नवा वापरकर्ता बनवायचा (नाव इंग्रजी लिपीत) आणि त्याने लॉगिन करायचं. नव्याचा डेस्कटॉप नीट आला, म्हणजे ड्रायव्हर, कर्नल, पॅकेजेस सगळं ठीक. जुन्या वापरकर्त्याच्या होममधली एखादी फाइल बिघडलीय. नव्याचाही अडकला, तर ड्रायव्हरकडे बघायचं. आमच्या मते ही पाच मिनिटांची चाचणी सगळ्यांत आधी केली तरी चालेल, फक्त डिस्क भरलेली नसल्याची खात्री झाल्यावर.

नव्याचा डेस्कटॉप पूर्ण आला. मग जुन्या होममध्ये ‘फाइंड ~/.कॉन्फिग -टाइप एफ -साइज 0’ दिलं. डिस्क भरलेली असताना फाइल तयार होऊ शकते, कारण नावाला आणि आयनोडला जागा असते. आतला मजकूर लिहायला मात्र ब्लॉक मिळत नाही. त्यामुळे 0 बाइटच्या फाइली मागे राहतात. मधेच लाइन गेली तरी हाच प्रकार होतो. यादीत काही कुलपाच्या (लॉक) निरुपद्रवी फाइली होत्या, त्या रिकाम्याच असतात. पण ‘एक्सएफसीई4-पॅनेल.एक्सएमएल’ सुद्धा 0 बाइटची निघाली. खालची पट्टी कशी मांडायची हे सांगणारी हीच फाइल.

‘एमव्ही ~/.कॉन्फिग/एक्सएफसीई4 ~/.कॉन्फिग/एक्सएफसीई4-जुनं’ करून तो फोल्डर बाजूला ठेवला. डिलीट केला नाही. नाव बदललं की डेस्कटॉप मूळ सेटिंगने नवा बनतो आणि काही हवं असेल तर जुन्यातून उचलता येतं. ‘~/.कॅश/सेशन्स’ मात्र काढून टाकला, त्यात मागच्या सत्राची साठवलेली स्थिती असते आणि तीही अडकवते. लॉगिन केलं, पट्टी आली, मेन्यू आला, प्रश्नपत्रिकांचे फोल्डर जागच्या जागी. सिनॅमन किंवा नोम असेल तर याच न्यायाने ‘~/.कॉन्फिग/डीकॉन्फ/यूझर’ ही फाइल बाजूला सारून बघावी.

इतर मशीनवर याच तक्रारीमागे जी कारणं निघतात ती थोडक्यात. कर्नल अपडेटनंतर एन्व्हिडियाचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बनलेला नसतो. ‘डीकेएमएस स्टेटस’ ने कळतं. ग्रबमध्ये, म्हणजे बूटच्या मेन्यूत, जुना कर्नल निवडून बूट केलं आणि लॉगिन झालं तर निदान पक्कं. ग्रब दिसत नसेल तर जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवायचं, यूईएफआयवर एस्केप दाबायचं. तिथे ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडलं तर एका बूटपुरतं साध्या चित्रावर आत जाता येतं. लॉगिनपर्यंतही न पोचता इनिटरॅमएफएसवर (बूटच्या सुरुवातीच्या टप्प्यावर) थांबणं हा बहुतेक वेळा लाइन अचानक गेल्याचा परिणाम असतो. तिथे ‘एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए2’ असं चालवायचं, पण पार्टिशनचा क्रमांक आधी ‘बीएलकेआयडी’ ने बघून.

डिस्कच मरत असेल तर वरचं सगळं व्यर्थ, म्हणून डिस्कची तब्येत सांगणारी ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’ चुकवू नये. हार्ड डिस्कवर 5 आणि 197 क्रमांकाच्या (खराब आणि संशयित सेक्टरांच्या) ओळींतला शेवटचा आकडा शून्य नसेल तर आधी डेटा उचलायचा, मग बाकीचं. 199 चा आकडा वाढत असेल तर बहुधा साटा केबल सैल किंवा खराब असते. नवी केबल डिस्कपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. आणि तारीख मागे जाते का तेही बघावं. मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल 3 व्होल्टचा असतो. तो मेला की घड्याळ मागे पडतं, एफएससीके डिस्क भविष्यात वापरल्याची तक्रार करतं, आणि इंटरनेटवरच्या सुरक्षित साइट उघडेनाशा होतात.

गावात दुसरा पीसी नसतो, ही अडचण खरी आहे. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेथरिंग चालू केलं की कन्सोलवर असतानाही मशीनला बहुधा आपोआप नेट मिळतं. ओटीजी केबल असेल तर इचड्रॉइड या अ‍ॅपने मोबाइलवरूनच मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवता येतो. त्यासाठी 4 जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह घ्यावा आणि त्यावरचं सगळं जातं हे लक्षात ठेवावं. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर’ आधीच करून ठेवलं आणि मशीन त्याच वायफायवर असलं, तर पडदा पूर्ण गोठला तरी मोबाइलवरच्या टर्मक्स या टर्मिनल अ‍ॅपमधून आत शिरता येतं. अभ्यासिकेच्या मशीनवर ते त्याच दिवशी टाकलं.

मग टाइमशिफ्टचं सेटिंग बदललं: होम वगळलं, आठवड्याला एक, जास्तीत जास्त दोन स्नॅपशॉट. राखीव 5 टक्के जागा कमी करायचा मोह होतो, ती तशीच ठेवली. तिच्यामुळेच मशीन बूट होत होतं. प्रश्नपत्रिका आणि नोट्स एका वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून तो ताईंच्या कपाटात गेला.

राहिली लाइन. शिवारात थ्री फेज आली की विहिरींवरच्या मोटारी एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं, आणि पीसी चालू असताना बंद पडतो. 600 व्हीएचा यूपीएस होता, पण आतली 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी फुगलेली. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जाणाऱ्या खोलीत ती दोन-अडीच वर्षांत जाते, हे धरूनच चालावं. नवी बॅटरी बसवून प्लग काढून पाहिला, मॉनिटरसकट 14 मिनिटं मिळाली. फाइल सेव्ह करून नीट बंद करायला ती पुरतात.

शेवटी बायोसमध्ये जाऊन वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय बंद केला. लाइन आल्या-आल्या दोन-तीनदा झटके देते, आणि हा पर्याय चालू असेल तर मशीन प्रत्येक झटक्याला अर्धं बूट होऊन पडतं. आता लाइन स्थिर झाल्यावर ताई स्वतः बटण दाबतात.